मंदीच्या वर्षांत विद्यापीठाची तिजोरी

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. कनिष्ठ लेखापाल म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत अंदाजपत्रक तयार करण्याच्या कामात होते. या काळात दोन मोठ्या मंदी जवळून पाहिल्या, २००८ ची आणि २०२० ची. विद्यापीठ म्हटलं की लोकांना वर्ग, ग्रंथालय, पदवीदान समारंभ आठवतो. मला ते दिसायचं लेखाशीर्षांच्या रकान्यांतून. तिथून पाहताना एक गोष्ट मनात पक्की झाली. पैसा आटला की विद्यापीठ पहिली कात्री कशाला लावतं आणि शेवटपर्यंत काय सांभाळतं, यावरून ते कोणासाठी चाललं आहे हे कळतं. हा क्रम वेळ येण्याआधी, शांत डोक्याने ठरवून ठेवणं म्हणजे नियोजन. नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी आणि अधिसभेत, व्यवस्थापन परिषदेत बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. मंदी विद्यापीठात उशिरा येते आणि उशिरा जाते

लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली. त्या दिवाळीत आमच्याकडे काहीच बदललं नव्हतं. प्रवेश जूनमध्येच झाले होते, परीक्षा अर्ज भरले जात होते, वेतन अनुदान वेळेवर येत होतं. अमेरिकेतल्या बँकेशी आपला काय संबंध, असंच वातावरण होतं. झळ लागायला पुढचं वर्ष उजाडलं. आयटी कंपन्यांनी महाविद्यालयांत येऊन भरती करणं कमी केलं, आणि एमसीएसारख्या ज्या अभ्यासक्रमांना आदल्या वर्षापर्यंत रांगा होत्या तिथली चौकशी थंडावली. त्याच वेळी बी.ए., बी.कॉम.कडे मुलं वाढली, कारण नोकरी मिळत नसेल तर निदान शिकत राहावं असं घरचे म्हणतात. म्हणजे जास्त शुल्क देणारा विद्यार्थी घटला आणि कमी शुल्काचा वाढला. एकूण विद्यार्थिसंख्येचा आकडा पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं.

याच सुमारास सहावा वेतन आयोग आला. वेतनश्रेणी १ जानेवारी २००६ पासून लागू, म्हणजे थकबाकीचा मोठा डोंगर. ३१ मार्च २०१० पर्यंतच्या वाढीव खर्चातला ८० टक्के वाटा केंद्र उचलणार होतं, पण राज्याने आधी खर्च करायचा आणि मग प्रतिपूर्ती मागायची. महसूल घटलेल्या काळात हे गाडं अडकलं. २०१३ मध्ये राज्यभरातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यात या थकबाकीची मागणी मोठी होती. मंदी हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण २००८-०९ मध्ये पुढे ढकललेली देणी २०१३ च्या निकालांपर्यंत पोचली हे मी पाहिलं आहे.

म्हणून मंदीचं नियोजन एका आर्थिक वर्षापुरतं करता येत नाही. पहिल्या वर्षी ताळेबंद बरा दिसतो. २०२०-२१ मध्येही तसंच झालं. करोनाच्या टाळेबंदीमुळे परीक्षा ऑनलाइन झाल्या, छपाई, वाहतूक, प्रवासभत्ते आणि मध्यवर्ती मूल्यांकनाचा खर्च वाचला, आणि मार्चअखेर शिल्लक दिसली. ती पाहून काही जण नव्या खरेदीचे प्रस्ताव घेऊन आले. ते पैसे पुढच्या दोन वर्षांसाठी होते.

२. अंदाजपत्रकातली तूट खरी नसते, आणि खरी तूट अंदाजपत्रकात नसते

दर मार्चमध्ये वर्तमानपत्रांत मथळे येतात, अमुक विद्यापीठाचं इतक्या कोटींच्या तुटीचं अंदाजपत्रक मंजूर. वाचणाऱ्याला वाटतं विद्यापीठ कर्जात बुडालं. आतली रीत वेगळी आहे. प्रत्येक विभाग मागणीपत्रात आकडा फुगवतो, कारण वरून कात्री लागणार हे त्याला माहीत असतं. जमेची बाजू सावधगिरीने कमी धरली जाते. प्रत्येक नव्या योजनेला मानाची तरतूद दिली जाते. ती योजना वर्षभर निविदेत किंवा समितीतच राहते. वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष खर्च तरतुदीच्या बराच खाली असतो आणि कागदावरची तूट विरून जाते. पुढच्या वर्षी तेच आकडे थोडे वाढवून पुन्हा छापले जातात.

चांगल्या वर्षांत हे चालून जातं. मंदीत हीच सवय घातक ठरते. जूनमध्ये कुलगुरूंनी विचारलं, "मॅडम, अनुदान तीन महिने उशिरा आलं तर आपण किती दिवस टिकू?" तर या प्रश्नाचं उत्तर अंदाजपत्रकाच्या जाडजूड पुस्तकात नसतं. तिथे तरतुदी असतात, तारखा नसतात.

यावर मी धरलेला मार्ग साधा होता. पहिलं म्हणजे प्रत्येक लेखाशीर्षापुढे मागच्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च लिहायचा. तरतूद नाही, सुधारित अंदाजही नाही, फक्त प्रत्यक्ष. दुसरं म्हणजे बारा महिन्यांचा रोख तक्ता करायचा. संलग्नित महाविद्यालयांचं विद्यापीठ असेल तर परीक्षा शुल्क वर्षातून दोनदा, अर्ज भरण्याच्या हंगामात येतं. पगार दरमहा जातात. परीक्षकांचं मानधन आणि केंद्रांची देयकं निकालानंतर येतात, कधी कधी सहा महिन्यांनी. हा मेळ कागदावर मांडला की कोणत्या महिन्यात तिजोरी तळाला जाईल ते दिसतं. आमच्याकडे तो महिना ऑगस्ट होता. अंदाजपत्रक वाचून हे कोणालाच कळलं नसतं.

तक्ता पहिल्यांदा केला तेव्हा विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "हे कायद्यात कुठे सांगितलंय?" कायद्यात नाही. पण कायदा ते करायला मनाईही करत नाही.

३. आपलं उत्पन्न कोणत्या एका खांबावर उभं आहे ते ओळखा

राज्यातल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे परीक्षा शुल्क, त्याखालोखाल संलग्नीकरण आणि पात्रता शुल्क, आणि ठेवींवरचं व्याज. मान्यताप्राप्त शिक्षक-कर्मचाऱ्यांचे पगार शासनाकडून येतात. बाकी जवळपास सगळं, म्हणजे वीजबिल, सुरक्षा, स्वच्छता, संगणकप्रणाली, कंत्राटी मनुष्यबळ, हे विद्यापीठ निधीतून भागवावं लागतं. म्हणजे विद्यार्थी परीक्षा देतो त्यावर विद्यापीठाचा दिवा जळतो.

२०२० मध्ये हा खांब हलला. परीक्षा होणार की नाही यावर राज्य शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग समोरासमोर आले. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना पदवी देता येणार नाही, हवं तर राज्याने मुदतवाढ मागावी. तोपर्यंतचे महिने आम्ही दोन तक्ते करून ठेवले होते, एक परीक्षा झाल्या तर आणि दुसरा झाल्या नाहीत आणि शुल्क परत करावं लागलं तर. दुसरा तक्ता वापरावा लागला नाही, पण तो हाताशी असल्यामुळे बैठकांत कोणी घाबरून बोललं नाही.

मंदीपेक्षा मोठी गोष्ट मात्र हळूहळू घडते आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी आहे. महाविद्यालयं स्वायत्त होत आहेत. स्वायत्त महाविद्यालय स्वतःची परीक्षा घेतं, त्यामुळे शुल्काचा मोठा भाग तिथेच राहतो. स्वायत्तता चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण विद्यापीठाचा परीक्षा विभाग तेवढाच राहतो, इमारत तीच, कर्मचारी तेच. असंच नवी विद्यापीठं वेगळी झाली तेव्हाही झालं. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळं झालं, २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ नागपूरपासून. त्या भागांसाठी ते योग्यच होतं. मूळ विद्यापीठाच्या जमेचा एक तुकडा मात्र कायमचा गेला. मंदी दोन-तीन वर्षांत ओसरते, ही घट ओसरत नाही. त्यामुळे मंदीत केलेल्या तक्त्याला पुढे एक ओळ जोडा, पाच वर्षांनी आपल्याकडे परीक्षा देणारे किती उरतील याची.

४. सरसकट कपात हे नियोजन नव्हे

४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला. त्या वर्षी मंजूर निधीपैकी ३३ टक्केच उपलब्ध होणार, नव्या योजना नाहीत, बांधकामं नाहीत, आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती नाही. शासनापुढे दुसरा रस्ता नव्हता. देशाची अर्थव्यवस्था त्या तिमाहीत जवळपास २४ टक्क्यांनी आक्रसली होती. पण तो आकडा जसाच्या तसा उचलून प्रत्येक विभागाला लावायचा मोह अनेक संस्थांना झाला, कारण त्यात कोणाशी भांडावं लागत नाही. सगळ्यांना सारखाच नियम.

सारख्या नियमाने सारखा न्याय होत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रसायनांची तरतूद तिसऱ्या हिश्श्यावर आली तर एम.एस्सी.चं प्रात्यक्षिक होत नाही. अतिथिगृहाच्या पडद्यांची तरतूद शून्यावर आली तर कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून माझ्या अनुभवात तीन याद्या उपयोगी पडतात आणि त्या चांगल्या वर्षी करून व्यवस्थापन परिषदेसमोर ठेवाव्या लागतात. एक, ज्याला हात लावायचा नाही. दोन, जे एक-दोन वर्षं थांबू शकतं. तीन, जे कायमचं बंद केलं तरी चालेल.

पहिल्या यादीत माझ्या मते काय यावं ते स्पष्ट सांगते. तासिका तत्त्वावरील शिक्षकांचं मानधन, वसतिगृहं, प्रयोगशाळेची सुरक्षा, संशोधक विद्यार्थ्यांची विद्यावेतनं, परीक्षेची गोपनीयता आणि कमवा व शिका योजना. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या प्रेरणेने आलेल्या या योजनेवर गावाकडून आलेल्या मुलामुलींचं जेवण अवलंबून असतं. टाळेबंदीत आवार बंद झालं, काम थांबलं आणि तासाप्रमाणे मिळणारी त्यांची मिळकतही थांबली. अंदाजपत्रकात ही रक्कम नगण्य असते. ती कापून काहीही वाचत नाही.

दुसऱ्या यादीबद्दल एक सावधगिरी. इमारतींची देखभाल सहज पुढे ढकलली जाते, कारण ती तक्रार करत नाही. गच्चीच्या जलरोधनाचं काम एका पावसाळ्यासाठी टाळलं तर पुढे छत, वायरिंग आणि खालच्या मजल्यावरची पुस्तकं असा तिप्पट खर्च येतो. नवं बांधकाम थांबवा, जुन्याची डागडुजी थांबवू नका.

जर्नलांच्या वर्गणीचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला याचा मला आनंद आहे. आधी प्रत्येक विद्यापीठ प्रकाशकाशी एकेकटं बोलायचं. मग इन्फ्लिबनेटच्या माध्यमातून ई-शोधसिंधू आलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने एक राष्ट्र एक वर्गणी योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. एकत्र खरेदी केली की भाव पाडून मिळतो, हे उत्तरपत्रिकांच्या कागदाला आणि संगणकप्रणालीलाही लागू आहे. राज्यातली विद्यापीठं हे अजून मनापासून करत नाहीत.

५. बोजा नेहमी सर्वांत दुबळ्याकडे घसरतो, तो थांबवणं वित्त विभागाचं काम आहे

मंदीत पहिली थांबते ती भरती. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्याने महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागांना मान्यता दिली. त्यातल्या निम्म्याही भरून व्हायच्या आत मे २०२० चा निर्णय आला. वर्ग तर थांबत नाहीत, मग त्या जागांवर तासिका तत्त्वावर माणसं घेतली जातात. नेट झालेली, पीएच.डी. झालेली ही माणसं वर्षातले काही महिनेच मानधन मिळवतात, तेही देयक सहा-सहा महिने फिरून. टाळेबंदीच्या सुरुवातीला तर प्रत्यक्ष तास झाले नाहीत म्हणून देयकंच अडली.

एका विभागातल्या अशा एका शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. मानधन मागायला नाही, फक्त "ताई, नस्ती कुठे आहे एवढं सांगा" असं विचारायला. ती नस्ती एका शेऱ्यासाठी तीन टेबलांवरून फिरत होती. आम्ही मग नियम करून घेतला की ऑनलाइन तासाची नोंद प्रत्यक्ष तासाइतकीच ग्राह्य, विभागप्रमुखाच्या स्वाक्षरीवर देयक मंजूर, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ही देयकं बाकी सगळ्या देयकांच्या आधी. मोठ्या कंत्राटदाराकडे पाठपुरावा करायला माणसं असतात. तासिका शिक्षकाकडे नसतात. देयकांच्या क्रमात हा फरक भरून काढता येतो, त्याला वेगळा निधी लागत नाही.

६. रोकड वेगळी, गुंतवणूक वेगळी

हा धडा सर्वांत महागडा ठरला तो जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाला. हार्वर्डचा देणगी निधी जून २००८ मध्ये सुमारे ३,६९० कोटी डॉलर होता, वर्षभरात तो २,६०० कोटींवर आला. बाजार पडला तर निधी घटणारच. खरी अडचण पुढे होती. हार्वर्डने रोजच्या खर्चासाठीचा पैसाही मोठ्या प्रमाणात याच दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत घातला होता, त्यातही मोठं नुकसान झालं. शिवाय भविष्यात घ्यायच्या कर्जांसाठी आधीच केलेले व्याजदरांचे करार उलटले आणि त्यांतून बाहेर पडायला सुमारे ५० कोटी डॉलर मोजावे लागले. हाती रोकड नसल्यामुळे पडलेल्या बाजारात महाग कर्ज उभारावं लागलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये ऑल्स्टनच्या विज्ञान संकुलाचं काम अर्ध्यात थांबलं. अब्जावधी असूनही बिलं भरायला चणचण भासू शकते, हे त्या वर्षाने दाखवलं.

आपल्याकडे शेअर बाजाराचा प्रश्न नाही, ठेवी बँकांत असतात. पण तिथेही झोप घेऊन चालत नाही. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदाराला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे ५४५ कोटी रुपये त्या बँकेत होते. सुटका लवकर झाली, पण मार्चअखेरच्या तोंडावर ज्यांचे पगार त्या खात्यांतून जायचे होते त्यांच्या जिवाची घालमेल आठवा. ठेवींवरचा विमा त्याच वर्षीच्या ४ फेब्रुवारीपासून एक लाखावरून पाच लाखांवर गेला होता. विद्यापीठाच्या ठेवीपुढे पाच लाख म्हणजे काहीच नाही.

व्याजदर पाव टक्का जास्त म्हणून बँक निवडण्याचा आग्रह मी कायम नाकारला. त्यावर लेखापरीक्षणात विचारणाही झाली की जास्त व्याजाचा देकार का स्वीकारला नाही. लेखी उत्तर दिलं, ते ग्राह्य धरलं गेलं. ठेवी वेगवेगळ्या बँकांत आणि वेगवेगळ्या मुदतींच्या असाव्यात, म्हणजे दर तिमाहीला एखादी तरी मोकळी होते. निदान तीन महिन्यांच्या अत्यावश्यक खर्चाएवढी रक्कम कधीही काढता येईल अशी हवी. आणि व्याजावर नियमित खर्च बांधू नये. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला, ठेवींचे दर पाच टक्क्यांच्या आसपास घसरले. ज्यांनी कंत्राटी पगार व्याजातून चालवले होते त्यांच्याकडे अचानक खड्डा पडला.

७. आपलाच अडकलेला पैसा आधी सोडवा

मंदीत सगळे नवा पैसा शोधायला धावतात. मी म्हणते, कपाटं उघडा. उपयोगिता प्रमाणपत्र दिलं नाही म्हणून अडलेला दुसरा हप्ता, वर्षानुवर्षं समायोजित न झालेले अग्रिम, महाविद्यालयांकडे राहिलेलं संलग्नीकरण शुल्क, बंद पडलेल्या प्रकल्पांच्या खात्यांतल्या शिल्लक रकमा. हे सगळं मिळून मोठी रक्कम होते, आणि ती मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही.

उपयोगिता प्रमाणपत्राचं दुखणं जुनं आहे. अनुदान आयोगाच्या पंचवार्षिक योजनांच्या काळात, बाराव्या योजनेपर्यंत, पैसे यायचे, उपकरणं घेतली जायची, आणि प्रमाणपत्र द्यायच्या वेळी प्राध्यापक निवृत्त झालेले, देयकाची मूळ प्रत सापडत नाही, संग्रह नोंदवहीत नोंद नाही. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात, म्हणजे रूसामध्ये, केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० होता, तिथे दोन ठिकाणी हिशेब द्यावा लागायचा. उपाय कंटाळवाणा आहे. उपकरण आलं त्या आठवड्यात नोंद, देयकाची प्रत वित्त विभागात, आणि प्रकल्पप्रमुख बदलला की हस्तांतराचा कागद. आम्ही एका वर्षी सगळी शक्ती यावर लावली. त्या वर्षी नवा कोणताही निधी आला नाही तरी तिजोरीला श्वास मिळाला.

अग्रिमांबद्दल कठोर व्हावं लागतं. परीक्षा केंद्रासाठी घेतलेली उचल पाच वर्षांनी समायोजित करायला माणूस आला की कागदपत्रं कोणाकडेच नसतात. जुनी उचल संपल्याशिवाय नवी नाही, हा नियम कुलगुरूंच्या सहीने निघाला तरच चालतो.

८. शुल्कवाढ हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नव्हे

नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विश्वस्तांनी शुल्क ३२ टक्क्यांनी वाढवलं, कारण राज्याने अनुदान कापलं होतं. विद्यार्थी रस्त्यावर आले. ज्या कुटुंबांची नोकरी त्याच मंदीत गेली त्यांच्याकडूनच राज्याने कापलेला पैसा वसूल करायचा, असा त्याचा अर्थ होतो. मला ते तेव्हाही पटलं नाही.

आपल्याकडे शुल्कवाढीने हिशेबही सुधारत नाही. मोठ्या संख्येने विद्यार्थी शिष्यवृत्तीवर किंवा शुल्क प्रतिपूर्तीवर शिकतात, म्हणजे वाढलेलं शुल्क शासनाकडून येणार, तेही महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरून, कधी येईल ते सांगता येत नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र आणि राज्याचा ६०:४० वाटा केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये ठरवला, म्हणजे तिथे दोन ठिकाणच्या पैशाची वाट पाहायची. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क राज्य भरतं, हा फार चांगला निर्णय आहे. पण महाविद्यालयाच्या पुस्तकात ती येणे रक्कम म्हणून दिसते, हातात रोकड नसते. जी काही वाढ रोखीत मिळेल ती शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या थोडं वर असलेल्या घरांतून. लहान शेतकरी, दुकानातला नोकर, रिक्षाचालक. पिकाचा भाव पडला की मुलीचं शिक्षण आधी थांबतं, हे मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडून मी अनेकदा ऐकलं आहे.

टाळेबंदीच्या काळात काही विद्यापीठांनी न वापरलेल्या सुविधांचं शुल्क कमी केलं. ते योग्य होतं. त्याहून उपयोगी म्हणजे हप्ते. पूर्ण शुल्क एकदम भरता येत नाही म्हणून जाणारा विद्यार्थी हप्त्याने पूर्ण शुल्क भरतो, असा आमचा अनुभव आहे. त्यासाठी संगणकप्रणालीत थोडा बदल आणि एका लिपिकाचा वेळ लागतो.

९. चांगल्या वर्षी उघडलेला अभ्यासक्रम वाईट वर्षी बंद करता येत नाही

स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम सुरू करताना पहिल्या दोन तुकड्यांचे आकडे पाहून कायमची बांधिलकी घेतली जाते. अभियांत्रिकीत हे देशभर झालं, जागा रिकाम्या राहू लागल्या आणि शेवटी २०२० पासून एआयसीटीईने नव्या महाविद्यालयांना मान्यता देणं काही काळ थांबवलं. प्रस्तावासोबतच तो किती विद्यार्थ्यांखाली बंद होईल, आणि तेव्हा शिकणाऱ्यांचं व शिकवणाऱ्यांचं काय, हे लिहून घ्या.

१०. देणगी मागायला मंदीतही लाजू नये

सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाख रुपये दिले आणि धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचं नाव मिळालं. लोक इथे थांबतात. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एवढी देणगी मिळाल्यावरही पैशाची ओढ संपली नाही, आणि १९२९ मध्ये सत्तरी ओलांडलेले कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि त्यानंतर आफ्रिकेत विद्यापीठाचं काम सांगत, निधी गोळा करत फिरले. जागतिक महामंदीची ती वर्षं होती.

२०२३ मध्ये नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, त्यावर आपल्याकडे कौतुक झालं आणि विषय संपला. राज्य विद्यापीठांतून बाहेर पडलेले लाखो पदवीधर आहेत. त्यांच्याकडे आपण गेलो नाही. पदवी प्रमाणपत्र दिल्यावर त्यांचा पत्ताही आपल्याकडे राहत नाही. मोठ्या रकमा सोडा, एखाद्या वसतिगृहाच्या मेसचा एका वर्षाचा खर्च एका तुकडीने उचलला तरी पहिल्या यादीतली एक ओळ सुरक्षित होते. एकच अट पाळा. देणगी ज्यासाठी घेतली त्याच खात्यात ठेवा आणि वर्षाला एक पानाचा हिशेब दात्याला पाठवा.

११. आकडे उघडे ठेवा

२०२० च्या उन्हाळ्यात अफवा होती की पगार निम्मे होणार. संघटनांचे प्रतिनिधी संतापून आले. कुलगुरूंच्या परवानगीने त्यांच्यासमोर रोख तक्ता ठेवला, कोणत्या महिन्यात किती येणार आणि किती जाणार. दोन तास प्रश्न विचारले गेले. त्यांतला एक प्रश्न इतका नेमका होता की त्यावरून आम्ही वाहन भाड्याचं एक कंत्राट संपवलं. त्या दिवसानंतर कपातीच्या प्रत्येक निर्णयावर वाद झाला, पण हेतूवर शंका कोणी घेतली नाही.

अधिसभेची अंदाजपत्रकी बैठक मार्चमध्ये असते. जे सभासद हे वाचत असतील त्यांना विनंती आहे की तुटीच्या आकड्यावर भाषण करण्यात वेळ घालवू नका. चार गोष्टी लेखी मागा: प्रत्येक लेखाशीर्षाचा मागच्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, पुढच्या बारा महिन्यांचा रोख तक्ता, थकीत उपयोगिता प्रमाणपत्रांची आणि अग्रिमांची यादी, आणि तासिका शिक्षकांची किती देयकं किती महिन्यांपासून पडून आहेत त्याची नोंद. ही माहिती प्रत्येक विद्यापीठाच्या वित्त विभागात आजही आहे, ती एकत्र करायला दोन आठवडे पुरतात.